यंदा नंबर करुणाचा

बाभळीला कुणी ख्रिसमस ट्री म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही म्हणायचो. मी अजूनही म्हणते, आणि कुणाला हसायचं असेल तर त्यानं खुशाल हसावं.

परवा नातीनं एका लांबड्या खोक्यातून नाताळचं झाड काढलं, छत्री उघडावी तसं उघडलं आणि दहा मिनिटांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभं केलं. झाड देखणं होतं. चारी बाजूंनी सारखं, हिरवंगार, वर चिमूटभर खोटं बर्फ. मी सवयीनं फांदीवरून बोट फिरवलं आणि बोटाला काहीच टोचलं नाही. नात म्हणाली, "आजी, किती सॉफ्ट आहे बघ." मी म्हटलं, "हो गं, मऊ आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसले. सूनबाई विचारत होती काय झालं म्हणून. तिला काय सांगणार? पन्नास वर्षांपूर्वीचा डिसेंबर अंगात आला होता, दुसरं काही नाही.

सोलापूरचा डिसेंबर म्हणजे पहाटे कानटोपी आणि दुपारी घाम. सकाळी अंघोळीच्या बंबाभोवती आम्ही भावंडं हात शेकत उभी असायचो, आणि बारा वाजले की त्याच अंगणात अनवाणी पाय ठेववत नसे. चर्चमागच्या आमच्या गल्लीत डिसेंबर लागला की घराघरांत कामट्यांचे तारे बांधले जायचे. कामट्या, खळ आणि घोटीव कागद यांचा एक वास असतो. आमच्या गल्लीचा नाताळ त्या वासानं सुरू व्हायचा आणि करंजीच्या तळणाच्या वासानं भरात यायचा.

झाडाचा प्रश्न मात्र दरवर्षीचा. बंगल्यात राहणाऱ्या लोकांच्या आवारात सुरूची झाडं होती. सुरूची फांदी दिसायला अगदी कार्डावरच्या चित्रासारखी. गल्लीतले बरेच जण आधी चार दिवस बंगल्याच्या फाटकाशी सलाम करून एखादी फांदी मिळवायचे. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. रूळ उचलणारा माणूस. फांदीसाठी फाटकाशी उभं राहणं त्यांना जमलं नाही. ते म्हणायचे, "सुरू बघायला ब्येस. पण टांगायचं कशाला? बाभळीला देवानं खिळे ठोकूनच धाडलंय." आणि खरंच, कवळ्या बाभळीला बोटभर लांब, पांढरेशुभ्र काटे असतात, जोडीजोडीनं. त्याला दोरा नको, गाठ नको. चमकीचा कागद, कापसाचं बोंड, शेजारच्या विणकरांकडून आणलेले रंगीत सुताचे तुकडे, जे हाती येईल ते टोचायचं आणि पुढं सरकायचं. सजवून होईतो आम्हा सगळ्यांची बोटं रक्ताळलेली असायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

बाभूळ आणायला आम्ही होटगीला जायचो. तिथं सिद्रामकाकांचं रान होतं, रुळाला लागूनच. लाईनवर काम करताना बाबांची आणि त्यांची दोस्ती झालेली. नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळची उपासना आटोपली की भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदे फडक्यात बांधून आम्ही पॅसेंजरनं निघायचो. कोळशाचं इंजिन होतं. खिडकीत बसलं की डोळ्यात कण जायचा आणि तरी खिडकीसाठी मारामारी व्हायची. उतरलं की काळ्या रानातून पायवाट, दोन्ही अंगाला शाळू, आणि काकांच्या बांधावर ओळीनं बाभळी.

झाड निवडायचा आमच्या घरचा एक कायदा होता. दरवर्षी एका पोराचा नंबर. ज्याचा नंबर त्यानं बांधावरून एकट्यानं पुढं चालायचं. बाकीच्यांनी वीस पावलं मागं राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तो जिथं थांबेल ते झाड. वाकडं असो, किडकं असो, त्यावर बोलायचं नाही. बाबांचा हा कायदा इतका कडक होता की माझ्या नंबराला मी दोन फाट्यांची एक बेढब फांदी निवडली, ती उभी राहीना म्हणून कपाटाला बांधून ठेवावी लागली, तरी बाबा अवाक्षर बोलले नाहीत. आमच्या घरात एरवी पोरांचं कोण ऐकत होतं? तीन वर्षांनी का होईना, एकदा आपण थांबलो की अख्खं घर थांबतं, ही केवढी मोठी गोष्ट होती! मला तर त्या दिवशी आपण कलेक्टर झाल्यासारखं वाटलं होतं.

माझ्यानंतर नंबर शामूचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा. ते दुष्काळाचं वर्ष होतं. सिद्रामकाकांच्या रानात शाळूचं धाटसुद्धा नव्हतं आणि बाभळींचा पाला शेळ्यांनी हात पोचेल तिथवर ओरबाडलेला. शामूनं नुसत्या काट्यांची एक फांदी निवडली. तेव्हा धाकटी करुणा, साडेपाच वर्षांची, बाबांच्या खांद्यावर बसून कायदा मोडत सारखी विचारत होती, "माजा नंबर कवा? माजा कवा?" आई तिच्या पायाला चिमटे काढत होती. शेवटी बाबाच हळूच म्हणाले, "पुढल्या वर्सी. गप की आता."

मग तो उन्हाळा आला. टँकरमागं घागरी घेऊन पळण्याचे दिवस. जूनच्या सुरुवातीला करुणाला ताप भरला आणि नवव्या दिवशी ती गेली. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी पाऊस पडला आणि मग पडतच राहिला. लोक रस्त्यावर येऊन देवाचे आभार मानत होते. मी अकरा वर्षांची होते. मी आभार मानले नाहीत. तीन आठवडे आधी पाठवायला काय झालं होतं, असं मी उपासनेत डोळे मिटून सरळ विचारलं होतं. उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

आमच्याकडे मूल गेलं की त्याचं नावही कपड्यांच्या पेटीत ठेवतात. फ्रॉक पेटीत, पाटी पेटीत, नाव पेटीत. करुणाचं नाव घरात कुणी घेईना. बाबांनी तर दफनभूमीतून परत आल्यावर ते एकदाही उच्चारलं नाही. जेवायला ताटं मांडताना आई एखाद्या दिवशी चुकून पाच मांडायची, आणि बाबा न बोलता एक उचलून फळीवर ठेवायचे. आई दवाखान्यात आया होती. दुसऱ्यांची मरणं तिनं रोज पाहिलेली. ती रडायची ते बंबात जाळ घालताना, धुराच्या निमित्तानं.

डिसेंबर लागला आणि आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहायची. आजी-आजोबा लवकर गेल्यामुळे बाबांना तिनंच वाढवलेलं. तिच्यापुढं बाबांची मान कधी वर झाली नाही. महिला मंडळाची ती पुढारी, आणि कुणाच्या घरी काय चालतं आणि काय चालत नाही याचं सगळं शास्त्र तिच्या तोंडी. खुर्चीत बसून तिनं आईला सांगितलं, "सुशीला, यंदा तुमच्याकडं काय न्हाय. वर्साच्या आत घरावर तारा लावत न्हाईत, झाड आणत न्हाईत आणि चुलीवर कढई चढवत न्हाईत. फराळाचं आमी आणून देऊ."

हा नियम आमच्या पवित्र शास्त्रात कुठंच नाही. मी सगळं वाचून काढलंय. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा जातं, पाटा-वरवंटा आणि हा नियम एवढं सामान सोबत घेऊन आले असावेत. जातं आम्ही पुढं विकून टाकलं. नियम कुणी विकत घेईना.

आई तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. बाबा दारात बसून बुटाच्या नाड्या ओवत होते. आणि नेमकं तेव्हाच मी बोलले. काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते, पण लपवणार नाही. मी म्हटलं, "मग झाड आणलं तर नंबर माझाच ना आता?"

मी महिनाभर हाच हिशेब करत होते. करुणा नाही म्हणजे परत पहिल्यापासून, म्हणजे शामू थोरला असला तरी त्याचा नुकताच झालेला, म्हणजे मी. अकरा वर्षांच्या पोरीचं काळीज असंच असतं. ते रडतं पण आणि आपला नंबरही लावून ठेवतं.

आत्यानं कपाळावर हात मारला. शामूनं मला ढोसलं. आईनं मात्र सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून, जसं काही मी शाळेतला सोपा प्रश्न विचारला होता तशा आवाजात म्हणाली, "न्हाय. यंदा नंबर करुणाचा हाय."

सहा महिन्यांनी ते नाव घरात पुन्हा ऐकू आलं. मला वाटलं आता छप्पर कोसळणार. आत्या उठली. "अगं येडी का खुळी तू? मेल्या लेकराचा कसला नंबर?"

"वन्सं, तिला सांगितलं हुतं, पुढल्या वर्सी तुजा म्हून. सांगितलं हुतं की न्हाय?" हे तिनं बाबांना विचारलं. बाबा नाडीच ओवत राहिले. आत्या पायऱ्या उतरून गेली. जाताना म्हणाली, "मंडळीत तोंड दाखवायला जागा ठिवू नका."

त्या रविवारी आम्ही निघालो. बाबा येतील की नाही हे गाडीची वेळ होईपर्यंत कळत नव्हतं. शेवटी त्यांनी खुंटीवरचा कोयता काढला आणि आमच्या मागून चालू लागले. आईच्या बाजूनं ते आले नव्हते आणि आत्याच्या बाजूनंही थांबले नव्हते. बायकोला एकटीला रानात कसं पाठवायचं म्हणून आले, इतकंच. गाडीत खिडकी रिकामी होती. मी आणि शामू दोघांनीही ती घेतली नाही.

त्या वर्षी होटगीचं रान जे काय फुललं होतं! डोक्याच्या वर गेलेला शाळू, कणसं भरत आलेली, बाभळींवर पाचूसारखा पाला. दुष्काळानं जे जे नेलं ते सगळं जणू व्याजासकट परत आलं होतं. मला त्या हिरव्या रंगाचा इतका राग आला की मी वाटेतली दोन धाटं मुद्दाम मोडली. सिद्रामकाका बांधावर हुरडा भाजायची आगटी पेटवत होते. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद झाला. "या की, या! यंदा लई जोरात हाय बघा रान. बसा, हुरडा खावा." मग त्यांनी आमची डोकी मोजली. "धाकटी कुटं हाय? तिचा नंबर न्हाय का यंदा?"

त्यांना कळवलंच नव्हतं कुणी.

बाबा म्हणाले, "न्हाय आली." आणि रुळाकडं बघू लागले.

आई म्हणाली, "करुणा गेली, भावजी. जूनमंदी. तापानं गेली." एकेक शब्द सुटा करून, आवाज न दाबता. "आणि नंबर तिचाच हाय. आमी त्यासाठीच आलोय."

सिद्रामकाकांच्या हातातली गोवरी तशीच राहिली. ते आमच्या धर्माचे नाहीत, आमच्या कायद्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलं आणि बांधाच्या कडेला सरकून आईला वाट दिली. गल्लीतल्या एकाही शहाण्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

आई बांधाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आम्हाला म्हणाली, "वीस पावलं सोडा." आम्ही सोडली. पुढं कुणी नव्हतं. मोकळा बांध, दोन्हीकडं शाळू, वारा आला की धाटं एकमेकांवर घासायची. आम्ही त्या रिकाम्या वीस पावलांच्या मागून चाललो, आणि कुणी बोललं नाही. कायदाच होता तो. करुणा कशी चालायची ते मला चालता चालताच आठवायला लागलं. जरा चालली की बसायची. खडा उचलायची. मुंगीशी बोलायची. मग "पाय दुकले" म्हणून मागं बघायची. सहावी-सातवी बाभूळ मागं गेली, चांगली डेरेदार. कुणी थांबलं नाही. मग पायवाटेच्या वळणावर आई थांबली. तिथं एक रोपटंवजा बाभूळ होती. एका अंगानं शेळीनं खाल्लेली, कमरेएवढी, काटेच काटे.

बाबांच्या तोंडून निघून गेलं, "ही? ही काय..."

"बोलायचं न्हाय," आई म्हणाली. "हितनं पुढं ती चालली नसती."

खरंच नसती चालली. हे बाबांनाही माहीत होतं. तेच तिला इथून पुढं खांद्यावर घेत असत. ते पुढं झाले, पण त्यांचा कोयता काही उठेना. दोनदा उचलला, दोनदा खाली आला. सिद्रामकाका मागून आले होते. ते म्हणाले, "द्या मालक, मी तोडतो." बाबांनी नको म्हणून मान हलवली आणि मग एकाच घावात बाभूळ आडवी केली.

परतीच्या गाडीत एका बाईचा पदर काट्याला अडकला. ती वैतागली, "काय ओ, हे काटं घिऊन कुटं निगाला?" आईनं तिचा पदर नीट, एक धागा न तुटू देता सोडवला आणि म्हणाली, "घरी." स्टेशनपासून घरापर्यंत आम्ही ती बाभूळ चर्चच्या रस्त्यानं आणली. संध्याकाळची मंडळी बाहेर उभी होती. कुणी सलाम केला, कुणी वळून दुसरीकडं पाहिलं. आमच्या पाळकसाहेबांना आईनं तिथंच विचारलं, "साहेब, शास्त्रात कुटं लिव्हलंय का, वर्साच्या आत झाड लावू नये म्हून?" ते बिचारे चांगले होते. म्हणाले, "लिहिलेलं नाही, बाई. रीत आहे." आई म्हणाली, "मग बरं," आणि चालू लागली.

सजवायच्या दिवशी आईनं करुणाची पेटी उघडली. तिनं लाल रिबिनी काढल्या, चार बारक्या बांगड्या काढल्या, गुलाबी फ्रॉकची बटणं कात्रीनं कापून काढली, आणि एकेक वस्तू काट्यांवर चढवली. मी बटणांतून दोरा न ओवता काटाच ओवला. शामू आमच्याकडं पाठ करून कामट्यांचा तारा बांधत होता आणि सारखं नाक ओढत होता. दुःखाच्या घरात शांत बसावं म्हणतात. शांत बसून दुःखाचं काय होतं ते मी सहा महिने पाहिलं होतं. त्या दिवशी बोटांतून रक्त येत होतं, आम्ही तिघं एकमेकांवर खेकसत होतो, "वर लाव, तितं न्हाय, हितं," आणि मला जूननंतर पहिल्यांदा भूक लागली. मी आयुष्यात नंतर बरीच मरणं पाहिली. ज्यांनी मला आता कसं वागायचं ते सांगितलं, त्या सगळ्यांशी मी भांडले. शिकवण त्या दिवसाची आहे.

झाड आईनं आतल्या खोलीत ठेवलं नाही. ओट्यावर ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. वर तारा. चुलीवर कढई.

आमच्या गल्लीत नाताळच्या सकाळी उपासना सुटली की सगळे एकमेकांच्या घरी जातात. दुखवट्याच्या घरी मात्र लोक ताट झाकून आणतात, न बोलता ठेवतात आणि ताट रिकामं परत नेतात. त्या घरचं काही घ्यायचं नसतं. आम्ही ओट्यावर नवे कपडे घालून बसलो होतो. समोरून माणसं जात होती आणि आमच्या घराशी आल्यावर त्यांची पावलं घुटमळत होती. काय म्हणून यावं, सणाला की दुखवट्याला, हे त्यांना कळेना. आईच्या मांडीवर करंज्यांचा डबा होता. तासभर झाला. कुणी आलं नाही. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला नक्की काय हवं होतं ते मला तेव्हा समजलं: करुणाला त्या घरातलं म्हणून कुणीतरी मोजावं, एकदा, सगळ्यांसमोर. आणि ते होणार नव्हतं.

मग आत्या आली. ताटावर क्रोशाचा रुमाल. तिनं ताट ओट्यावर ठेवलं आणि झाडाकडं बघितलं. बांगड्या दिसल्या असाव्यात, कारण तिनं पटकन नजर काढली. आईनं ताटावरचा रुमाल उचलला, आत्याची चकली-शंकरपाळी आमच्या परातीत ओतली आणि त्या रिकाम्या ताटात आपल्या करंज्या मांडायला लागली. एक, दोन, पाच, सात. आत्या म्हणाली, "सुशीला, काय करतीस? मी न्हाय न्यायची हे. आणि त्ये खुरटं झुडूप आत तरी ठिवा. दुसरं न्हाय मिळालं व्हय?"

आईचा हात थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी बाबा उठले होते.

"मिळालं असतं, अक्का," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल. रुळावर हाकाटी घालायचा आवाज होता तो. "लई मोठ्या बाभळी हुत्या. पण हे करुणानं निवडलंय. माज्या करुणानं. तिचा नंबर हुता."

त्यांनी ते ताट उचलून आत्याच्या हातात दिलं. आत्यानं रुमालासाठी हात पुढं केला. बाबांनी रुमाल घडी करून आपल्या खिशात घातला. मग आत्या, जिनं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, करंज्यांनी भरलेलं उघडं ताट दोन्ही हातांत धरून, सगळ्यांच्या समोरून, गल्लीभर चालत घरी गेली.